नेव्हिअर–स्टोक्स समीकरणे आणि न्यूरल नेटवर्क : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

नेव्हिअर–स्टोक्स समीकरणे म्हणजे द्रायूच्या (द्रव आणि वायूंच्या) प्रवाहाची अवकल समीकरणे, बदलांच्या दरांवर बेतलेली. या प्रकल्पाचा प्रश्न मर्यादित आहे. अवकल समीकरणे न्यूरल नेटवर्ककडून सोडवून घेता येतात, ही कल्पना जुनी आहे. डिसानायके आणि फान-थिएन यांनी १९९४ मध्ये आणि लागारिस, लिकास व फोटियाडिस यांनी १९९८ मध्ये ती मांडली होती. रायसी, पर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांच्या २०१९ च्या शोधनिबंधानंतर ती ‘पीआयएनएन’ (भौतिकीचे नियम पाळायला लावलेले न्यूरल नेटवर्क) या नावाने सर्वत्र पसरली. आम्हाला पाहायचे आहे ते असे, की प्रवाहाच्या कोणत्या प्रश्नात या नेटवर्कच्या उत्तरावर विसंबता येते, कोणत्या प्रश्नात येत नाही, आणि हा फरक केवळ ट्रेनिंगच्या आलेखावरून ओळखता येतो का.

पद्धत एकदा नोंदवून ठेवतो. नेटवर्कला स्थळ आणि काळ यांचे निर्देशांक द्यायचे आणि त्याच्याकडून त्या जागचा वेग आणि दाब घ्यायचा. स्वयंचलित अवकलनाने या उत्तराचे अवकलज, म्हणजे बदलाचे दर, अचूक मिळतात. ते समीकरणात घातल्यावर जी बाकी उरते तिला अवशेष म्हणायचे. अवशेषाच्या वर्गाची सरासरी, सीमा-अटींचे उल्लंघन आणि प्रारंभ-अटीचे उल्लंघन या तिघांची भारित बेरीज म्हणजे लॉस. तो कमी करत नेणे म्हणजेच समीकरण सोडवणे, असा या पद्धतीचा दावा आहे. प्रदेश लहान तुकड्यांत विभागणारी जाळी लागत नाही आणि उत्तरांचा तयार साठाही लागत नाही. प्रदेशात विखुरलेले कोलोकेशन बिंदू, म्हणजे जिथे अवशेष मोजायचा ते बिंदू, पुरतात.

प्रत्येक न्यूरॉनचे सक्रियण फलन (आलेल्या संख्येवरून त्याचे उत्तर ठरवणारे सूत्र) म्हणून टॅनएच हे गुळगुळीत फलन घेतले आहे. रेलू हे दोन सरळ रेषांचे फलन येथे चालत नाही, कारण त्याचा दुसरा अवकलज जवळजवळ सर्वत्र शून्य असतो आणि श्यानतेचे (द्रायूच्या आतल्या घर्षणाचे) पद दुसऱ्या अवकलजावरच उभे असते. रेलू वापरले तर नेटवर्कच्या दृष्टीने द्रायूला श्यानताच उरत नाही. सर्व गणिते दुहेरी अचूकतेत करायची आहेत. ट्रेनिंगच्या शेवटच्या टप्प्यात एल-बीएफजीएस ही लॉस कमी करण्याची पद्धत वापरायची असते आणि एकेरी अचूकतेत ती लवकर अडते.

१० फेब्रुवारी २०२५

पहिली चाचणी बर्गर्स समीकरणाची, म्हणजे नेव्हिअर–स्टोक्सच्या एकमितीय, दाब नसलेल्या सोप्या रूपाची. स्थळ उणे १ ते १, काळ ० ते १, प्रारंभीचा वेग उणे साइन पाय-एक्स, दोन्ही टोकांना वेग शून्य आणि श्यानता ०.०१ भागिले पाय. हा प्रश्न घेण्याचे कारण म्हणजे कोल–हॉफ रूपांतराने त्याचे अचूक उत्तर काढता येते, त्यामुळे तुलनेसाठी दुसऱ्या संगणकीय पद्धतीवर अवलंबून राहावे लागत नाही. आठ लपलेले थर, प्रत्येकात २० न्यूरॉन, सीमा आणि प्रारंभ मिळून १०० बिंदू, आत १०,००० कोलोकेशन बिंदू, ही २०१९ च्या निबंधातलीच रचना आम्ही ठेवली. त्या निबंधात सापेक्ष त्रुटी ०.०००६७ नोंदवली आहे आणि आमची त्रुटीही त्याच पातळीच्या आसपास येते.

तरीही या एका आकड्यावर आम्ही थांबलो नाही. या प्रवाहात मध्यबिंदूपाशी जी तीव्र कड तयार होते, तिचा उतार काळ सुमारे ०.५१ असताना कमाल होतो आणि त्याचे मान १५२.००५ आहे, बास्देवां आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये निरनिराळ्या पद्धतींच्या तुलनेसाठी हेच मान वापरले होते. वेग अधिक १ च्या जवळून उणे १ च्या जवळ जातो आणि उतार १५२ आहे, म्हणजे कडेची जाडी साधारण ०.०१३. संपूर्ण स्थळाची लांबी २ आहे. याचा अर्थ, समान संभाव्यतेने टाकलेल्या १०,००० बिंदूंपैकी या पट्ट्यात साठ-पासष्ट बिंदू पडतात, आणि कड तयार होण्याआधीचा काळ वगळला तर जेमतेम चाळीस-पन्नास. प्रवाहातील सर्वांत कठीण घटना नेटवर्कला एवढ्याच ठिकाणी दिसते. त्यामुळे एकूण त्रुटी लहान असूनही उताराचे शिखर मूळ मानापेक्षा बुटके येते. सर्वत्र सरासरी काढणाऱ्या मापात हे बुटकेपण बुडून जाते. यापुढे प्रत्येक चाचणीत सरासरी त्रुटीबरोबर त्या प्रवाहाचे एखादे स्थानिक, कठीण मोजमापही नोंदवायचे, असे ठरले.

१४ फेब्रुवारी २०२५

जिथे अवशेष मोठा तिथे नवे बिंदू जास्त टाकायचे, अशी अनुकूली निवड बर्गर्ससाठी लागू केली. एकूण बिंदूसंख्या तीच ठेवली. बिंदू स्वतःहून कडेभोवती गोळा होतात आणि उताराचे शिखर अपेक्षित मानाच्या बरेच जवळ जाते. हा उपाय पुढेही ठेवणार.

२४ फेब्रुवारी २०२५

आता खरी नेव्हिअर–स्टोक्स समीकरणे. कोवास्नाय यांनी १९४८ मध्ये दिलेला, जाळीदार अडथळ्याच्या मागील स्थिर प्रवाह घेतला आहे. रेनॉल्ड्स अंक (श्यानतेच्या तुलनेत प्रवाहाचा जोर सांगणारा आकडा) ४० ला त्यातील घातांक उणे ०.९६३७ येतो, आणि वेग व दाब दोन्ही साध्या सूत्रांत लिहिता येतात.

ट्रेनिंग सुरू करण्यापूर्वी एक तपासणी केली, जी प्रत्येक प्रकल्पात सक्तीची असावी असे मला मनापासून वाटते. नेटवर्क बाजूला ठेवून अचूक सूत्रच अवशेष काढणाऱ्या संगणकीय प्रोग्राममध्ये घातले आणि अवशेष पूर्णांकनाच्या पातळीपर्यंत शून्य येतो हे पाहिले. संवहन पदातील (प्रवाह स्वतःचाच वेग वाहून नेतो ते पद) एखादे चिन्ह किंवा श्यानतेचा एखादा गुणक बदललेला असेल तर नेटवर्क तक्रार करत नाही. ते निमूटपणे त्या चुकीच्या समीकरणाचे उत्तर शिकते, लॉस व्यवस्थित खाली जातो आणि आलेख देखणा दिसतो. जाळीवर समीकरण सोडवणाऱ्या नेहमीच्या सॉल्व्हरमध्ये अशी चूक अनेकदा गणित कोसळून स्वतःला दाखवते. येथे तसा इशारा मिळत नाही.

दाबाविषयी एक बारकावा. असंपीड्य (घनता न बदलणाऱ्या) प्रवाहात दाबाचा फक्त ग्रेडियंट, म्हणजे जागेनुसार होणाऱ्या बदलाचा दर, समीकरणात येतो, म्हणून नेटवर्कने दिलेला दाब कुठल्याही स्थिरांकाने सरकलेला असू शकतो आणि तरीही उत्तर पूर्ण बरोबर असते. तुलना करताना दोन्ही बाजूंचा सरासरी दाब वजा करूनच त्रुटी काढायची.

या प्रवाहात नेटवर्क उत्तम वागते. फलन सर्वत्र गुळगुळीत आहे, कुठेही पातळ थर नाही, चारही बाजूंना अचूक वेग दिलेला आहे. हा निकाल नोंदवावा, पण त्यावरून पद्धतीबद्दल मत बनवू नये; हा प्रश्न नेटवर्कच्या स्वभावाला अगदी सोयीचा आहे.

५ मार्च २०२५

लॉसमधील भारांचा प्रश्न आता टाळता येत नाही. अवशेषाच्या पदात नेटवर्कचे दुसरे अवकलज आहेत आणि प्रत्येक अवकलनाबरोबर नेटवर्कचे आतले भार (लॉसमधले नव्हेत) पुन्हा एकदा गुणले जातात. म्हणून ट्रेनिंगच्या प्रत्येक पावलावर अवशेषाकडून येणारा ग्रेडियंट (आतले भार किती आणि कोणत्या दिशेने बदलायचे ते सांगणारा) सीमा-अटींकडून येणाऱ्या ग्रेडियंटपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. वांग, टेंग आणि पर्डिकारिस यांनी २०२१ मध्ये हे थर-थर उलगडून दाखवले. प्रत्यक्षात याचा परिणाम असा होतो, की नेटवर्क आधी समीकरण ‘पाळते’ आणि सीमा नंतरसाठी ठेवते. सीमा न पाळता समीकरण पाळणारी उत्तरे अगणित आहेत, आणि सर्वत्र शून्य वेग हे त्यांतले सर्वांत स्वस्त उत्तर आहे.

आम्ही दोन्ही ग्रेडियंटची परिमाणे ठरावीक अंतराने मोजून सीमेचा भार त्यानुसार बदलत ठेवतो. जिथे भूमिती सोपी आहे तिथे त्याहून चांगला मार्ग म्हणजे सीमा-अट रचनेतच बसवणे. भिंतीवर शून्य होणाऱ्या फलनाने नेटवर्कचे उत्तर गुणले की न घसरण्याची अट (भिंतीला लागून असलेला द्रायू भिंतीवरून घसरत नाही, ही अट) आपोआप पाळली जाते आणि लॉसमधून ते पद कायमचे जाते. पुढच्या चाचणीतल्या चौकोनी पोकळीसाठी हेच करणार.

१७ मार्च २०२५

सरकत्या झाकणाची चौकोनी पोकळी. तीन भिंती स्थिर, वरचे झाकण एकक वेगाने सरकते. घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली कोष्टके आजही तुलनेसाठी सर्वमान्य आहेत. रेनॉल्ड्स अंक १०० ला उभ्या मध्यरेषेवर आडव्या वेगाचे किमान मान उणे ०.२१०९० असून ते तळापासून ०.४५३१ उंचीवर येते. अंक १००० ला ते उणे ०.३८२८९ होते आणि ०.१७१९ पर्यंत खाली उतरते. आमचे स्थानिक मोजमाप हेच.

अंक १०० ला कोष्टकाशी जुळणी चांगली झाली, परंतु तिथपर्यंत पोचताना अनुकूली निवडीने एक नवा प्रश्न पुढे आणला. झाकणाचे दोन्ही कोपरे विचित्र आहेत: झाकणावर वेग एक, लगतच्या भिंतीवर शून्य, आणि दोन्ही एकाच बिंदूत मिळतात. तिथे वेगाला एक मान नाही आणि दाबाचे मान अमर्याद होते. गुळगुळीत नेटवर्क ही उडी कधीच दाखवू शकत नाही, म्हणून कोपऱ्यातला अवशेष कधीच लहान होत नाही, आणि ‘जिथे अवशेष मोठा तिथे बिंदू’ हा नियम फेरीमागून फेरी बिंदू त्या दोन कोपऱ्यांतच ओतत राहतो. पोकळीचा मधला भाग, जिथे मुख्य भोवरा आहे, तो ओस पडतो. बर्गर्समध्ये ज्या उपायाने काम सोपे केले, तोच येथे अडचण वाढवतो. कारण उघड आहे: तिथली कड पातळ असली तरी गुळगुळीत होती, ही मुळातच तुटलेली आहे.

झाकणाचा वेग टोकांकडे हळूहळू शून्यावर आणणारे बहुपद वापरले तर प्रश्न सुटतो, पण तो प्रवाह वेगळा आहे आणि घियांच्या कोष्टकाशी त्याची तुलना करता येत नाही. आम्ही झाकण तसेच ठेवले, कोपऱ्यांभोवतीचा लहान भाग बिंदूनिवडीतून वगळला आणि उरलेल्या भागात अवशेषाला कोपऱ्यापासूनच्या अंतराचा भार दिला.

२८ मार्च २०२५

अंक १००० ला थेट ट्रेनिंग केले की नेटवर्क एका फिकट प्रवाहावर स्थिरावते. झाकणाखाली पातळ थर हलतो आणि खाली जवळपास शांतता असते. मध्यरेषेवरचे किमान मान कोष्टकातील मानाच्या जवळपासही येत नाही. लॉस मात्र लहान असतो. तळातल्या शांत द्रायूत समीकरणाची सगळी पदे शून्य आहेत, म्हणून तिथला अवशेषही शून्यच. सगळी विसंगती झाकणालगतच्या अरुंद पट्टीत दाबून ठेवली जाते आणि तिथले क्षेत्रफळ इतके कमी असते की सरासरीवर तिचा परिणाम होत नाही.

उपाय म्हणून पायऱ्या केल्या. अंक १०० वर तयार झालेले नेटवर्क ४०० साठी सुरुवात म्हणून वापरले आणि ४०० चे १००० साठी. कृष्णप्रियन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये संवहन आणि अभिक्रियेच्या समीकरणांवर अशा क्रमवार ट्रेनिंगचा फायदा दाखवला होता. भोवरा आधीपासूनच फिरत असल्यामुळे नेटवर्क शांत उत्तराकडे घसरत नाही आणि किमान मान योग्य उंचीवर येते. येथे महत्त्वाचे ते हे: फिकट प्रवाह आणि बरोबर प्रवाह यांच्या अंतिम लॉसमध्ये इतका फरक नव्हता की घियांची कोष्टके हाताशी नसताना कोणी छातीठोकपणे एकाला चूक म्हटले असते.

९ एप्रिल २०२५

खर्चाचा हिशेब. पोकळीचा हा प्रश्न जाळीवरचा साधा फायनाइट व्हॉल्यूम सॉल्व्हर सामान्य संगणकावर थोड्या वेळात सोडवतो. नेटवर्कला त्याच अचूकतेसाठी ग्राफिक्स कार्डावर कितीतरी पट जास्त वेळ लागतो, आणि रेनॉल्ड्स अंक बदलला की पुन्हा ट्रेनिंग करावे लागते. मॅकग्रीव्ही आणि हकीम यांनी २०२४ मध्ये द्रायूंशी संबंधित समीकरणांवरील मशीन लर्निंगच्या निबंधांचा आढावा घेतला. नेहमीच्या संगणकीय पद्धतीवर मात केल्याचा दावा करणाऱ्या ७६ निबंधांपैकी ६० निबंधांनी, म्हणजे ७९ टक्क्यांनी, तुलनेसाठी कमकुवत पद्धत निवडलेली आढळली. म्हणून आमच्या अहवालात वेळेची तुलना करताना समोरची पद्धत तिच्या उत्तम रूपातच घ्यायची आणि दोन्हींची अचूकता सारखी असतानाच घ्यायची.

सीमा पूर्ण माहीत असलेला सरळ प्रश्न सोडवण्यासाठी ही पद्धत वापरण्याचे कारण मला आज तरी दिसत नाही.

२१ एप्रिल २०२५

दंडगोलामागचा प्रवाह. रेनॉल्ड्स अंक सुमारे ४७ च्या पुढे दंडगोलामागचा सममित प्रवाह अस्थिर होतो आणि भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटू लागतात. अंक १०० ला एक आवर्तन सुमारे ६ मितीरहित कालएककांचे असते. आम्ही नेटवर्कला फक्त समीकरणे, सीमा-अटी आणि प्रारंभ-अट दिली; प्रवाहातले एकही मोजमाप दिले नाही.

भोवरे सुटत नाहीत. दंडगोलामागे दोन सममित भोवरे चिकटून राहतात आणि काळाच्या शेवटपर्यंत तसेच राहतात. चुआंग आणि बार्बा यांनी २०२२ मध्ये अंक २०० ला नेमके हेच नोंदवले होते. त्यांनी या निबंधात आपल्या अडचणी इतक्या मोकळेपणाने मांडल्या आहेत, की या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या वाचाव्यात.

२५ एप्रिल २०२५

हे का होते, यावर सविस्तर नोंद आवश्यक आहे, कारण प्रकल्पाचा गाभा मला येथेच दिसतो.

सममित स्थिर प्रवाह हे चुकीचे उत्तर नाही. तो नेव्हिअर–स्टोक्स समीकरणांचे खरेखुरे उत्तर आहे, कोणत्याही रेनॉल्ड्स अंकाला; ४७ च्या पुढे तो फक्त टिकत नाही. काळात पाऊल टाकत जाणाऱ्या सॉल्व्हरमध्ये पूर्णांकनातली किंवा जाळीतली अतिसूक्ष्म विषमता पावलागणिक वाढत जाते आणि अखेर भोवरे सोडते. नेटवर्क काळात चालत नाही. त्याच्यासाठी सगळा काळ एकदमच समोर पसरलेला असतो आणि अवशेष सर्वत्र एकाच वेळी कमी केला जातो. त्यामुळे ‘टिकणारे’ आणि ‘न टिकणारे’ हा भेद लॉसमध्ये कुठे लिहिलेलाच नसतो.

आकड्यांनी पाहू. समजा सममित प्रवाहावर ०.००१ आयामाचे (कमाल विचलनाचे) एक दोलन आहे आणि त्याच्या वाढीचा दर ०.१ आहे. खऱ्या प्रवाहात ते वाढत जाऊन सगळे चित्र बदलून टाकेल. नेटवर्कला ते वाढू न देता आहे तिथेच गोठवून ठेवायचे असेल तर त्याला समीकरणाचे किती उल्लंघन करावे लागेल? दर गुणिले आयाम, म्हणजे ०.०००१. लॉसमध्ये त्याचा वर्ग जातो: एक भागिले दहा कोटी. आमच्या ट्रेनिंगमध्ये अवशेषाच्या वर्गाची सरासरी चांगल्या परिस्थितीतही याच्या शंभरपट जागी रेंगाळते. म्हणजे प्रवाहाचे भवितव्य ठरवणारी गोष्ट लॉसच्या तळाशी असलेल्या गाळात बुडालेली आहे, आणि ती दडपण्याची किंमत नेटवर्कला जाणवतही नाही.

यावरून सर्वसाधारण गोष्ट अशी निघते: अवशेष आणि त्रुटी यांच्यामध्ये एक गुणक असतो आणि तो गुणक त्या प्रवाहाच्या स्थैर्यावर अवलंबून असतो. कोवास्नायच्या प्रवाहात तो लहान होता, म्हणून लहान अवशेष म्हणजे लहान त्रुटी, हे खरे ठरले. अस्थिर प्रवाहात तो काळाबरोबर घातांकी वाढतो, आणि तिथे अवशेष कितीही लहान दिसला तरी त्यावरून त्रुटीबद्दल काहीच सांगता येत नाही. ३ फेब्रुवारीच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हे आहे: ट्रेनिंगचा आलेख पाहून नव्हे, तर प्रवाहाचे स्थैर्य पाहून विश्वास ठरवावा लागतो.

२ मे २०२५

वांग, शंकरन आणि पर्डिकारिस यांनी २०२२ मध्ये सुचवलेली कार्यकारणाची पद्धत लावून पाहिली. आधीच्या काळातला अवशेष पुरेसा खाली येईपर्यंत नंतरच्या काळाला भार मिळत नाही, त्यामुळे नेटवर्कला काळाचा क्रम पाळावा लागतो. बर्गर्सवर हिचा उपयोग स्पष्ट दिसला. दंडगोलाच्या प्रवाहात ट्रेनिंग अधिक शिस्तीत होते, परंतु आमच्या रचनेत भोवरे सुटण्यापर्यंत मजल गेली नाही, आणि ट्रेनिंगचा वेळ फार वाढला. मोजमापांशिवायचा प्रयत्न येथे थांबवत आहोत.

१२ मे २०२५

आता उलटा प्रश्न, ज्यासाठी ही पद्धत मला खऱ्या अर्थाने मोलाची वाटते. दंडगोलामागच्या एका आयताकृती खिडकीत, १ ते ८ व्यास अंतरावर आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २ व्यासांपर्यंत, विखुरलेल्या बिंदूंवर फक्त वेग माहीत आहे. दाब कुठेही मोजलेला नाही. संवहन पदाचा गुणक आणि श्यानता, दोन्ही अज्ञात धरायचे. नेटवर्कने हे दोन्ही आकडे शोधायचे आणि दाबही सांगायचा.

२०१९ च्या निबंधात याच खिडकीतील ५,००० बिंदूंवरून संवहनाचा गुणक ०.०७८ टक्के त्रुटीने आणि श्यानता ४.६७ टक्के त्रुटीने मिळाली होती. वेगात एक टक्का गोंगाट मिसळल्यावर त्या त्रुटी ०.१७ आणि ५.७० टक्के झाल्या. आम्ही स्वतःच्या सॉल्व्हरने वेगाचा साठा तयार केला आणि नेटवर्ककडून वेगाऐवजी प्रवाहफलन (ज्याच्या अवकलजांतून वेग मिळतो ते फलन) व दाब घेतला, त्यामुळे वस्तुमान-अक्षय्यता आपोआप पाळली जाते. बदल्यात समीकरणात तिसरे अवकलज येतात आणि ट्रेनिंग मंदावते. आमच्याकडेही तोच क्रम दिसतो: संवहनाचा गुणक फार अचूक, श्यानता त्या मानाने सैल.

दोन त्रुटींमधला हा फरक योगायोग नाही. अंक १०० ला श्यानता ०.०१ आहे, म्हणून खिडकीच्या बहुतांश भागात श्यानतेचे पद संवहनाच्या पदापुढे फार लहान आहे आणि त्याचा ठसा फक्त भोवऱ्यांच्या कडांवरच्या तीव्र बदलांत उमटतो. शिवाय ते दुसऱ्या अवकलजावर अवलंबून आहे, आणि मोजमापातला गोंगाट दुसऱ्या अवकलनात सर्वाधिक फुगतो. अंक वाढवत नेला तर श्यानता ओळखणे आणखी अवघड होईल, हे या कारणावरूनच कळते.

दाबाचे चित्र पाहताना मला मनस्वी आनंद झाला. नेटवर्कला दाबाचा एकही आकडा दिलेला नसताना, भोवऱ्यांच्या केंद्रांतील कमी दाबाचे गोल ठिपके आपापल्या जागी, योग्य खोलीचे, एकामागे एक उमटलेले दिसतात. फक्त सगळा दाब एका स्थिरांकाने सरकलेला. जाळीवरच्या सॉल्व्हरला हे काम सरळ देता येत नाही, कारण त्याला सीमेवरच्या पूर्ण अटी लागतात आणि येथे खिडकीच्या चारही कडांवर त्या नाहीत. रायसी, याझदानी आणि कार्नियाडाकिस यांनी २०२० मध्ये याच्याही पुढे जाऊन द्रायूत मिसळलेल्या रंगद्रव्याच्या संहतीवरूनच वेग आणि दाब काढून दाखवला.

२१ एप्रिलला जे नेटवर्क भोवरे सोडत नव्हते, तेच येथे ते नीट दाखवते, कारण दोलनाचा आयाम आणि कला (फेज) आता मोजमापांनी बांधून टाकली आहे. समीकरणाकडे उरते ते मोजमापांच्या मधली जागा भरण्याचे काम, आणि ते काम ते चोख करते.

२३ मे २०२५

मोजमापे कुठे संपतात, तिथे काय होते हे तपासले. काळ ० ते २० ची मोजमापे देऊन, समीकरणाचे कोलोकेशन बिंदू पुढेही चालू ठेवून, २० नंतरचा प्रवाह मागितला. मोजमापे संपल्यावर दोलन विरत जाते आणि प्रवाह पुन्हा सममित होतो. चुआंग आणि बार्बा यांच्या २०२३ च्या कामातही हेच आहे. २५ एप्रिलच्या हिशेबाशी ते जुळते, त्यामुळे भविष्यकथनासाठी हे नेटवर्क वापरायचे नाही, हे पक्के झाले.

५ जून २०२५

स्थळातल्या रिकाम्या जागेची चाचणी. खिडकीच्या मधोमध एक उभा पट्टा निवडून त्यातली सगळी मोजमापे काढून टाकली आणि पट्ट्याची रुंदी वाढवत नेली. या प्रवाहात भोवऱ्यांच्या माळेची तरंगलांबी साधारण पाच व्यासांची आहे. पट्टा एक-दोन व्यासांचा असेपर्यंत नेटवर्क त्यातला प्रवाह विश्वासार्हपणे भरते: दोन्ही बाजूंची मोजमापे आणि मधले समीकरण मिळून दुसरा पर्याय ठेवत नाहीत. पट्टा तरंगलांबीच्या जवळ पोचला की मधले भोवरे फिके पडतात आणि दाबाचे ठिपके उथळ होतात. आश्वासक गोष्ट ही, की येथे पट्ट्यातला अवशेष खरोखर वाढलेला दिसतो; दोन्ही कडांना जखडलेल्या प्रवाहात नेटवर्कला शांत उत्तराकडे जायचे तर वाटेत समीकरण ठळकपणे मोडावे लागते. म्हणजे मोजमापांनी वेढलेल्या जागेत अवशेषाचा नकाशा हा उपयोगी इशारा आहे, जरी मोकळ्या काळात तो नव्हता.

१६ जून २०२५

अहवालासाठी ठरलेली रचना: सरळ प्रश्नांचे निकाल थोडक्यात, दंडगोलाचे मोजमापांशिवायचे अपयश त्याच्या कारणासह पूर्ण विस्ताराने, आणि उलट्या प्रश्नाचे निकाल गोंगाटाच्या निरनिराळ्या पातळ्यांसह. प्रत्येक निकालाशेजारी सरासरी त्रुटी, एक स्थानिक मोजमाप आणि अवशेषाचा नकाशा, तिन्ही छापायचे. पुढच्या टप्प्यात मोजमापाचे बिंदू विखुरलेले न ठेवता दोन-तीन उभ्या रेषांवर ठेवून पाहायचे आहे, कारण प्रयोगशाळेत तारेचे वेगमापक एका मांडणीवर ओळीनेच बसवलेले असतात. दोन रेषांमधले अंतर दोन व्यासांपासून सुरू करायचे आणि दाबाचे ठिपके उथळ होऊ लागेपर्यंत वाढवत न्यायचे.